बसव्वाची झोप आणि आगबोट

मला मुंबईला जायचं नव्हतं. त्या वर्षी मंगळवार पेठेतल्या बहुतेक प्रत्येक माणसाला मी ही गोष्ट एकेकटं गाठून सांगितली. प्रत्येकानं मान हलवून ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, "मंग मुंबैला रेल्वेनं का जात न्हाईस?" कोल्हापुरात रेल्वे येऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती. खासबागेत कुस्तीच्या मैदानाचं काम चाललं होतं तो काळ. मिरजेला गाडी बदलली की माणूस पेंगत पेंगत मुंबईला पोचतो, हे मलाही ठाऊक होतं. पण मला आगबोटीत बसायचं होतं. बैलगाडीनं आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, तिथं बोटीत चढायचं, एक अख्खा दिवस समुद्रावर काढायचा, बोट पुढं जात नाही म्हणून मुंबईला उतरायचं आणि रेल्वेनं घरी यायचं. या बेतात मुंबई आली ती निव्वळ नाइलाजानं आली होती.

बेत माझा असला तरी सुरुवात रंकाळ्यावर झाली. एका संध्याकाळी आम्ही नवराबायको मुलीला घेऊन तळ्याच्या काठी बसलो होतो. शिवगंगा, म्हणजे माझी बायको, बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "समुद्र ह्येच्यापेक्षा मोठा असतोय?"

मी हसलो. अशा प्रश्नाला नवऱ्यानं हसायचं असतं.

"तुमी बघितलाय?" ती म्हणाली.

आता मी हसणं थांबवलं. मी दरबारच्या एका कचेरीतला कारकून. वेंगुर्ला, रत्नागिरी, हर्णै ही नावं असलेले कागद रोज माझ्या हाताखालून जात, पण खारं पाणी मी चाखलंसुद्धा नव्हतं. "न्हाय," मी म्हणालो.

"मंग हसलासा कशाला?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात या बाईनं लुगडं मागितलं नाही, दागिना मागितला नाही. आजही तिनं काही मागितलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या रागात मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की हिला समुद्र दाखवायचा, आणि काठावरून नव्हे, मधोमध नेऊन दाखवायचा.

पहिला अडथळा रजेचा. आमचे हेडक्लार्क गणपतराव यांनी माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली. "अण्णासो," ते म्हणाले, "कोण वारलं?"

"कुणी नाही."

"लग्न कुणाचं?"

"कुणाचंही नाही."

"आजारी कोण हाय?"

"सगळी धडधाकट हायत, रावसाहेब. समुद्र बघायला जायचंय. लिहिलंय की तसं."

गणपतरावांनी चष्मा काढला. त्यांच्या रजिस्टरात रजेच्या कारणांचे रकाने होते: मयत, विवाह, आजार, शेतीचं काम. समुद्राला रकाना नव्हता. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी हळू आवाजात सुचवलं की एखादी लांबची आत्या रत्नागिरीकडे वारली असं लिहावं. मी म्हणालो, आमच्या सात पिढ्यांत घाटाखाली कुणी आत्या दिली नाही, आणि नसलेल्या आत्येला मी मारणार नाही. गणपतराव म्हणाले, मग आजार लिहा. मी म्हणालो, समुद्रच लिहा. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी 'आजार' या रकान्यात 'समुद्र' असं लिहून सही केली, आणि कचेरीतले सगळे माझी प्रकृती विचारू लागले.

खरा अडथळा घरात होता. त्याचं नाव बसव्वा.

बसव्वा ही आमची मुलगी, वय पावणेदोन वर्षं. नाव माझ्या आजीचं ठेवलं, तर नावासोबत आजीचा स्वभावही आला. बसव्वा रात्री कुठंही झोपे. अंगणात, पाटावर, पाहुण्याच्या मांडीवर. पण दुपारची झोप म्हणजे तिच्या लेखी व्रत होतं. ती झोळीतच व्हायला हवी, घरातच व्हायला हवी आणि तिसऱ्या प्रहरीच व्हायला हवी. चुकली, तर संध्याकाळपर्यंत ती रडे, आणि ते रडणं असं असे की समोरच्या आळीतले लोक दारात येऊन 'कुणाचं काय झालं?' विचारत. एकदा चुकली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

माझी आई, म्हणजे अव्वा, हिनं नेमकं हेच धरलं. "पोर निजली न्हाय तर काय करशील, अण्णू? बोट थांबिवशील?"

"निजंल की."

"तुज्या सांगण्यावर निजतीय व्हय ती?" अव्वानं माझा नाद सोडला आणि सुनेकडं मोर्चा वळवला. माझ्या शब्दाची किंमत तिला माझ्या लहानपणापासून माहीत होती. तिनं शिवगंगेला गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायला लावला आणि शब्द घेतला: बोटीत दुपारी पोर निजली नाही, तर पुढं जे बंदर येईल तिथं उतरायचं, आल्या वाटेनं घरी यायचं, आणि लेकरू मोठं होईपर्यंत पुन्हा असल्या फिरण्याचं नाव काढायचं नाही. शिवगंगेनं शब्द दिला. ती दिलेला शब्द मोडत नाही. म्हणजे आता सगळं त्या झोळीवर येऊन ठेपलं. आमच्याकडं लेकरं एकापाठोपाठ होतात, आणि त्यातलं शेवटचं मोठं होईपर्यंत शिवगंगेला समुद्र काय, रंकाळाही दिसला नसता.

झोळी बांधायला तुळई लागते. बोटीत तुळई असते की नसते हे पेठेत कुणालाच माहीत नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं. आमच्या उजवीकडच्या धोंडुबाईंनी सहा मुलं झोळीत वाढवली होती, त्या म्हणाल्या, "बोट हालती, झोळी बी हालती. दोनी एका अंगाला हालल्या तर पोर उडून पान्यात पडंल." आमच्या घराची मागची भिंत तालमीला लागून होती. तालमीचे गैबी वस्ताद सल्ला द्यायला दारातून कधीच येत नसत. भिंतीवरून डोकं काढत आणि सांगून परत खाली उतरत. वस्तादांनी डोकं काढलं. "एका अंगाला कशी हालंल, धोंडुबाई? बोट हिकडं गेली की झोळी तिकडं. पोर मधी गप. उलट घरापरास बरी निजंल." धोंडुबाई म्हणाल्या, वस्तादांनी लेकरं कुठं सांभाळलीत? वस्ताद म्हणाले, चाळीस सांभाळतोय, प्रत्येकी पक्कं दोन-दोन मण वजनाचं. दोन दिवस हा वाद चालला. दोन्ही पक्षांनी माझ्या घरातली झोळी हलवून हलवून आपापलं म्हणणं सिद्ध केलं, आणि दोन्ही दिवस बसव्वा झोळीबाहेर बसून टाळ्या पिटत होती.

शेवटी मी इकबाल मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री पेठेतले नावाजलेले सुतार. त्यांना म्हटलं, मला घडी होणारी एक चौकट करून द्या. चार पाय, वर एक दांडी, दांडीला झोळी. बोटीत तुळई नसली तर मी माझी तुळई घेऊन जाईन.

"किती दिस टिकायला पायजे?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक दिवस."

मिस्त्रींना ते अपमानास्पद वाटलं. "एक दिस टिकनारी वस्तू माज्या हातनं हुनार न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी बाभळीच्या लाकडाची चौकट केली. तिच्यावर हत्ती झोपवता आला असता. घडी व्हायची, पण घडी करायला दोन माणसं आणि उचलायला तीन माणसं लागायची. निघताना ती गाडीवर चढवायला तालमीतली पोरं आली. पेठ जमली होतीच. "अण्णासो घर घिऊन निघालाय," कुणीतरी म्हणालं. मी गाडीत ताठ बसून सरळ समोर बघत राहिलो. मागं वळून बघितलं असतं तर अव्वाचा चेहरा दिसला असता.

वाटेतल्या तीन दिवसांचं मी फार सांगत नाही. दुपारी गाडी चालत असायची, गाडीत चौकट उघडत नव्हती, त्यामुळं बसव्वा तीन दुपारी झोपली नाही. मलकापूरला रडली, आंब्याला रडली, घाट उतरताना रडली तेव्हा बैलांनी कान मागं टाकले. गाडीवान दोनदा खाली उतरून पायी चालला. रत्नागिरीला पोचेपर्यंत शिवगंगेचे डोळे सुजले होते. "अजून बी माघारी जाऊ," मी तिला म्हणालो. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तिचा चेहरा बघवेना.

"पोर बोटीत निजली न्हाय तर, असा सबूद हाय," ती म्हणाली. "गाडीचा न्हवं." आणि तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

बंदरावर पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. समोर धुकं होतं आणि त्याच्या आत कुठंतरी बोट होती. अलीकडं एक खिडकी होती आणि खिडकीत तिकीटमास्तर. त्या माणसाला बघताच मला कळलं की हा माझ्याच जातीचा आहे, म्हणजे कारकून. त्यानं चौकट बघितली, नियमांचं पुस्तक काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: दोन हातांपेक्षा लांब लाकडी वस्तू हा माल. माल तळात जाईल.

"तळात गेली तर पोर कुठं झोपवू?"

"ते पुस्तकात नाही."

"मास्तर, हे माझ्या मुलीचं सामान आहे. घरगुती वापराचं. घरगुती वापराचं सामान उतारू जवळ ठेवू शकतो, हे बघा, खालीच लिहिलंय."

मास्तरांनी खिडकीतून वाकून बसव्वाकडं बघितलं. "मुलगी तीन वर्षांखालची. तिला तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे ती उतारू नाही. उतारू नाही, तिला सामान कुठून असेल?"

खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटला. पंधरा वर्षं नोकरी करून इतकी चोख अडवणूक मला कधी साधली नव्हती. पण शिवगंगा मागं उभी होती, आणि बोटीकडं नेणारी होडी सुटायची वेळ झाली होती.

"तिला तिकीट द्या," मी म्हणालो.

"लागत नाही."

"लागत नसलेलं द्या. पुरं द्या."

मास्तरांची लेखणी थांबली. त्यांनी पुस्तक उलटं चाळलं, सुलटं चाळलं; लागत नसलेलं तिकीट मागणाऱ्याला ते नाकारावं असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. अशा रीतीनं बसव्वा अण्णासो, वय पावणेदोन, राहणार कोल्हापूर, व्यवसाय नाही, ही रीतसर उतारू झाली आणि चार खलाशी शिव्या देत तिचं सामान पडावात चढवू लागले. पडाव म्हणजे काठावरून बोटीपर्यंत नेणारी मोठी होडी. ती इतकी हलत होती की शिवगंगेनं मुलीला छातीशी घट्ट धरून डोळे मिटले ते बोटीवर चढेपर्यंत उघडलेच नाहीत.

डेकावर शेदोनशे माणसं आधीच पसरली होती. वळकट्या, करंड्या, नारळ, कोंबड्या. मधोमध मी माझी चौकट उभी केली. लोकांनी सरकून जागा दिली, बहुधा भीतीनं. झोळी बांधली, बसव्वाला आत ठेवलं. बोटीनं भोंगा दिला आणि ती चालू लागली. चौकटही चालू लागली. बोट डावीकडं कलली की ती चार पायांवर खडखडत डावीकडं जायची, उजवीकडं कलली की उजवीकडं. एकदा ती एका म्हाताऱ्या भटजींच्या वळकटीवर चढली. मी तिला धरून मागं-पुढं पळत होतो. शेवटी एका खलाशानं हसू आवरत ती लोखंडी खांबाला दोरानं बांधून दिली. धोंडुबाई आणि वस्ताद दोघांचंही म्हणणं चुकीचं होतं. बोट आणि झोळी एका अंगालाही हलत नव्हत्या आणि उलट अंगालाही हलत नव्हत्या. दोघी गोल फिरत होत्या.

बसव्वा झोपली नाही. जयगड गेलं, ती झोळीतून बाहेर डोकावत होती. दाभोळ गेलं, ती रडायला लागली होती. ऊन डोक्यावर आलं, तिसरा प्रहर लागला आणि तिनं तो चार दिवसांचा साठवलेला सूर लावला. डेकावर एकेक बोलणं थांबत गेलं. मग सल्ले सुरू झाले. एकीनं हिंग लावायला सांगितला, एकानं दृष्ट काढायला सांगितली. भटजींनी काहीतरी पुटपुटून फुंकर मारली, तर बसव्वानं त्यांची शेंडी धरली. तिचं अंग तापल्यासारखं लागत होतं. शिवगंगा तिला खांद्यावर घेऊन कठड्याशी बसली होती, पण वारा मुलीच्या तोंडावर येऊ नये म्हणून पाठ समुद्राकडं करून. समुद्र बघायला निघालेली बाई पहाटेपासून बोटीवर होती आणि तिनं पत्र्याच्या भिंतीखेरीज काही बघितलं नव्हतं. धुकं केव्हाच गेलं होतं. मी मात्र बघत होतो. मला ते बघणं चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"म्होरलं बंदर कंचं?" तिनं विचारलं.

"हर्णै."

"किती येळ हाय?"

"तासभर."

तिनं गाठोडी आवरायला घेतली. एका हातानं मूल, दुसऱ्या हातानं गाठोडं. मला इतकं वाईट वाटलं की मी ओरडलोच, "घरात झोपती आन हितं काय झालं हिला? झोळी तीच, दांडी बाभळीची, आई तीच, बाप तोच! काय राहिलंय घरी?"

शिवगंगा थांबली. मुलीच्या पाठीवर थोपटता थोपटता ती विचार करत होती. "ह्या वक्ताला घरात," ती सावकाश म्हणाली, "मागची भित हादरत असती."

"काय?"

"तालीम वो. ह्याच वक्ताला पोरं मातीच्या हौद्यात उतरत्यात की. शड्डू चालत्यात. जल्मल्यापास्नं त्यातच निजतीय ती."

झोळी, तुळई, हिंग, बाभूळ! दोन दिवस तालमीचा वस्ताद स्वतः भिंतीवरून सल्ले देत होता आणि त्यालाही हे सुचलं नव्हतं. बिनआवाजाची दुपारची झोप त्या पोरीला ठाऊकच नव्हती.

मी बसव्वाला झोळीत ठेवायला लावलं आणि चौकटीवर थाप मारली. बसव्वानं जरा ऐकलं आणि रडणं चालू ठेवलं. मी डेकाच्या फळीवर मारली. "तसं न्हवं," शिवगंगा म्हणाली. तसं नव्हे हे मलाही कळत होतं. शड्डूचा आवाज उघड्या मांडीवरूनच निघतो. पण मी दरबारचा नोकर, डोक्याला रुमाल, अंगात कोट, आणि समोर शेदोनशे माणसं. मी हर्णैच्या दिशेनं बघितलं. मग कोट काढला, धोतर वर खोवलं, उजवा पाय पुढं टाकला आणि उजव्या मांडीवर सगळ्या ताकदीनं पंजा हाणला.

आवाज बारीक निघाला. माझ्या मांडीला मांस बेताचंच आहे. लोक हसले. पण बसव्वा एकदम गप्प झाली. मी दुसरा ठोकला. तिनं अंगठा तोंडात घातला. तिसरा ठोकला, तिच्या पापण्या खाली आल्या.

आणि डेकाच्या पुढच्या टोकाला एक माणूस उभा राहिला.

तो उभा राहायला बराच वेळ लागला, कारण तो पुष्कळ होता. कान मोडलेले, मान नाहीच. त्यानं पटका सोडला, सदरा काढून घडी करून ठेवला आणि माणसांवरून पाय टाकत माझ्याकडं आला. "कोन हाय तुमी, पावणं?"

"कोल्हापूर," मी म्हणालो. "मंगळवार पेठ."

"मी मुरगूडचा सयाजी. मुंबैला कुस्तीला चाललोय." त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याला आश्चर्य वाटत होतं, पण त्यानं ते दाखवलं नाही. तालमीतला माणूस समोरच्याच्या अंगावरून पारख करत नाही. "माज्याकडं बघून तीन डाव शड्डू ठोकलासा. आता मला गप बसाया येत न्हाय."

आमच्याकडचा दंडक सरळ आहे. पैलवानासमोर शड्डू ठोकला की ते आव्हान झालं. ते परत घेता येत नाही, आणि घेतलंच तर पुढं मिशी ठेवायचं कारण उरत नाही. मी तोंड उघडलं होतं. 'मुलीला झोपवत होतो' एवढंच म्हणायचं होतं. पण तो हसणारा डेक, तो खलाशी, ते भटजी सगळे माझ्याकडं बघत होते. आणि शिवगंगा झोळीशेजारून हळूच म्हणाली, "थांबलासा तर उठंल वो."

मी चौथा शड्डू ठोकला.

लोकांनी भराभर वळकट्या मधोमध पसरून कुस्तीचा हौदा केला. सयाजीनं डेकाला हात लावून कपाळाला लावला, मीही लावला. पुढचं फार लवकर झालं. मला आकाश दिसलं, नंतर चिमणीचा धूर दिसला आणि मग पाठीखाली धप्प असा मोठा आवाज झाला. सबंध डेक हादरला. त्या आवाजासरशी झोळीतून एक लांब उसासा आला, घरी भिंत हादरली की येतो तस्सा. बसव्वा झोपली होती.

सयाजी माझ्या छातीवर होता. त्याच्या मोडक्या कानात मी सगळं सांगितलं: झोळी, तालीम, अव्वा, लिंगावरचा शब्द, हर्णै. त्यानं मान वळवून झोळीकडं बघितलं. "आदी सांगायचं न्हाई व्हय, पावणं," तो कुजबुजला. "दमानं घेतलो असतो."

"दमानं नको. आवाज झाला पाहिजे."

"मंग उठा."

मी उठलो, शड्डू ठोकला आणि पुन्हा पडलो. सयाजी मोठ्या मनाचा माणूस. मला हाडं मोडणार नाहीत आणि फळी वाजेल अशा बेतानं तो टाकत होता. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा गर्दी फाडून बोटीचा सारंग आला. खलाशांचा हा मुकादम लाल डोळ्यांचा होता. "दंगा बंद!" तो गरजला. "हर्णै आलं. मारामारी करणारे दोघंही इथं उतरायचे. सामान काढा यांचं!" आणि त्यानं चौकटीचा दोर सोडायला हात घातला.

मी हौद्यात आडवा होतो. पोर झोपली, शब्द राखला, आणि तरीही हर्णैलाच उतरायचं होतं.

शिवगंगा उठली. सहा वर्षांत तिला मी परक्या पुरुषाशी बोलताना ऐकलं नव्हतं. डोईवरचा पदर तिनं खोचला आणि ती सारंगाच्या आणि झोळीच्या मधे उभी राहिली. "हात लावा," ती म्हणाली. "लावा की. पोर उठली की तुमच्या हातात देतो. म्होरं मुंबैपत्तुर तुमी निजवायची."

सारंगानं झोळीत बघितलं. दाभोळपासून तो सूर त्याच्याही कानात होता. तो विचारात पडला तेवढ्यात डेकावरचं सगळं माणूस एकदम बोलू लागलं. हिंगवाली बाई म्हणाली, लावू नका हात. भटजी म्हणाले, देवाशपथ लावू नका. आणि मग माझी चौकट बांधून देणारा खलाशी पुढं झाला आणि सारंगाच्या हातातून दोर काढून घेऊन त्यानं दुसरी गाठ मारली. सारंग खाली बघून काहीतरी बोलला आणि निघून गेला. हर्णैला लोक उतरले, लोक चढले. चढणाऱ्यांना काय चाललंय ते कळेना, पण त्यांनीही वळकट्या दिल्या.

बोट पुन्हा समुद्रावर निघाली. सयाजीनं मला सातव्यांदा टाकलं, आठव्यांदा टाकलं. माझा कोट एका कोंबडीच्या करंडीवर होता, रुमाल कुणाच्या डोक्यावर होता कोण जाणे, आणि कचेरीतल्या कुणी मला असं बघितलं असतं तर गणपतरावांना माझ्यासाठी नवा रकाना आखावा लागला असता. मला त्याचं काहीएक वाटत नव्हतं. नवव्यांदा पाठ टेकली तेव्हा मान वळवून मी कठड्याकडं बघितलं.

शिवगंगा उभी होती. दोन्ही हात मोकळे, कठड्यावर ठेवलेले. पदर डोक्यावरून पडला होता आणि तिनं तो घेतला नव्हता. पाठ आता आमच्याकडं होती.

"कसा हाय?" मी खालून विचारलं.

ती वळली नाही. "गप बसा," ती म्हणाली. "अजून बघून झाला न्हाय."

सयाजीनं मला हात दिला. मी उठलो, धोतर खोवलं आणि शड्डू ठोकला.